आदान-निक्षेपण आणि एक जुना सर्व्हर

पाच समित्यांमध्ये आदान-निक्षेपण ही चौथी समिती. वस्तू उचलताना आणि ठेवताना ती जागा आधी डोळ्यांनी नीट पाहावी, पिंछीने हळुवार परिमार्जन करावे आणि मगच वस्तूला हात लावावा, असा मुनिजीवनातील हा नियम आहे. सूक्ष्म जीवाला इजा होऊ नये, हा त्यामागचा हेतू. आपण गृहस्थ मंडळी प्रवचनात पाच समित्यांची नावे ऐकतो, मुलांना पाठशाळेत ती पाठ करायला लावतो आणि हा विषय साधूंचा आहे असे समजून पेढीवर येऊन बसतो. गेल्या हळदीच्या हंगामात आमच्या पेढीवरचा सर्व्हर बंद पडला आणि त्याच्या जागी एक जुना, वापरलेला सर्व्हर उभा करावा लागला. त्या चार दिवसांत या समितीचा गृहस्थासाठीचा अर्थ मला पुष्कळ स्पष्ट झाला. तो व्यापारी कुटुंबांच्या उपयोगी पडेल, म्हणून हे लेखन.

आमची पेढी सांगलीच्या मार्केट यार्डात आडतीची. एके काळी आमचे दिवाणजी रोजकीर्द लाल बासनात बांधून तिजोरीत ठेवीत. आज ती रोजकीर्द, खातेवही, शेतकऱ्यांच्या पट्ट्या आणि उचलीच्या नोंदी एका लोखंडी पेटीत असतात. तिलाच सर्व्हर म्हणायचे. घरच्या संगणकाहून तो काही बाबतींत वेगळा असतो. त्याला वीजपुरवठ्याचे बहुधा दोन संच असतात. एक बिघडला तर दुसरा काम चालवतो. त्याची स्मरणशक्ती वाचनातली लहानसहान चूक स्वतःच दुरुस्त करते. त्याच्या डिस्क पुढच्या बाजूने खणासारख्या ओढून काढता येतात. आणि या सगळ्या डिस्कांचा कारभार पाहणारे एक स्वतंत्र कार्ड त्यात असते. त्याला कंट्रोलर म्हणतात. डेलच्या यंत्रांत हे कार्ड पर्क या नावाने येते, एचपीच्या यंत्रांत स्मार्ट ॲरे या नावाने. नावे निराळी असली तरी काम एकच.

हे काम समजल्याखेरीज पुढची हकीकत समजणार नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. १९८८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी एक निबंध प्रसिद्ध केला. एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र बांधाव्यात आणि त्यांतली एखादी बिघडली तरी माहिती शाबूत राहावी अशी मांडणी करावी, असे त्यांचे प्रतिपादन होते. या मांडणीला रेड हे नाव पडले. तिचे अनेक प्रकार आहेत. रेड १ मध्ये एकच मजकूर दोन डिस्कांवर लिहिला जातो. रेड ० मध्ये मजकूर वाटून लिहितात, पण राखीव काहीच ठेवत नाहीत. एक डिस्क गेली की सारे गेले. आमच्याकडे रेड ५ होते. त्याची रीत व्यापाऱ्याला चटकन कळेल अशी आहे. समजा, एका वहीत २५ लिहिले, दुसरीत ४० आणि तिसरीत त्यांची बेरीज ६५. आता यांतली कोणतीही एक वही हरवली तरी उरलेल्या दोन वह्यांवरून तिसरी पुन्हा लिहिता येते. प्रत्यक्षात साध्या बेरजेऐवजी एक निराळी द्विमान क्रिया वापरतात आणि ‘बेरजेची वही’ एकाच डिस्कवर न ठेवता आळीपाळीने सर्व डिस्कांवर ठेवतात. पण तत्त्व हेच. आमच्या प्रत्येकी ६०० जीबीच्या तीन डिस्क होत्या. त्यांतून दोन डिस्कांइतकी, म्हणजे १२०० जीबी, जागा वापरायला मिळत होती.

मजकुराचा कोणता तुकडा कोणत्या डिस्कवर आहे, तुकडे केवढे आहेत, डिस्कांचा क्रम कोणता, याची नोंद कंट्रोलर स्वतःपाशी ठेवतो आणि प्रत्येक डिस्कच्या एका राखीव भागातही लिहून ठेवतो. ही दुसरी नोंद फार मोलाची. कंट्रोलर जळाला तरी त्याच जातीचा दुसरा कंट्रोलर डिस्कांवरची ती नोंद वाचून संसार पुन्हा मांडू शकतो.

आमच्या सर्व्हरचा मदरबोर्ड आणि त्यावर बसवलेला कंट्रोलर १९ मार्चच्या रात्री विजेच्या झटक्याने एकदमच गेले. सुदैवाने पेढीचे काम तेव्हा थांबलेले होते, त्यामुळे अर्धवट लिहिले जात असलेले असे काही नव्हते. डिस्क वाचल्या असाव्यात, असा अंदाज होता. हिशेबाची संपूर्ण प्रत दर महिनाअखेर बाहेरच्या डिस्कवर काढून घरी नेण्याचा आमचा रिवाज होता. त्यामुळे फेब्रुवारीअखेरचे सगळे सुरक्षित होते. प्रश्न होता तो मार्चच्या १९ दिवसांचा. आणि हळदीच्या सौद्यांचे ते ऐन भरातले दिवस होते.

नुकसानीचा विचार करताना माझे थोरले बंधू अण्णा जे बोलले ते मी विसरणार नाही. ते म्हणाले, “आपलं कुणाकडचं येणं पुसलं गेलं, तर तो आपला तोटा. सोसू. पण कुणाचं आपल्याकडचं देणं पुसलं गेलं, तर काय करायचं? शेतकरी म्हणेल, ‘अण्णा, तुमच्या वहीत असेल ते द्या.’ आणि आपल्याकडं वहीच नाही.”

कित्येक पट्ट्या झाल्या होत्या आणि त्यांची रक्कम अजून बँकेत वर्ग व्हायची होती. पट्टीची कागदी प्रत शेतकऱ्याला दिलेली असते, पण ती प्रत्येकाने जपून ठेवलेली असेलच असे नाही. सत्याणुव्रताच्या अतिचारांत न्यासापहार सांगितला आहे. ठेव ठेवणारा रक्कम विसरला आणि त्याने कमी मागितली, तर ठीक म्हणून तेवढीच परत करणे, हा तो दोष. हिशेबाची वही हरवणे म्हणजे त्या दोषाला वाट मोकळी करून देणे. मुद्दाम न करताही तो घडू शकतो. म्हणून त्या तीन डिस्क आमच्या दृष्टीने केवळ यंत्राचे भाग उरल्या नव्हत्या. त्यांत इतरांची ठेव होती.

आमच्या यंत्राचे मॉडेल जुने असल्याने नवे मिळण्याचा प्रश्नच नव्हता. मात्र वापरलेल्या सर्व्हरांचा बाजार मोठा आहे. मोठ्या कंपन्या काही वर्षांनी आपली यंत्रे एकगठ्ठा बदलतात आणि जुनी यंत्रे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, बंगळूरच्या एस. पी. रोडवर आणि इतर शहरांतील व्यापाऱ्यांकडे येतात. पुण्याच्या एका विक्रेत्याकडे आमच्याच मॉडेलचा सर्व्हर मिळाला, नव्या यंत्राच्या किमतीच्या साधारण पाचव्या हिश्शात. जुने चांगले यंत्र भंगारात न जाता पुन्हा उपयोगी पडावे, हे अपरिग्रहाच्या दृष्टीनेही मला योग्य वाटते. परंतु जुनी वस्तू स्वतःचा इतिहास घेऊन येते. तो आधी वाचावा लागतो.

पेटी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. बसवून देण्यासाठी गावातलेच एक तंत्रज्ञ आले. स्वभावाने भले, हाताने चपळ. ते लगेच आमच्या डिस्क नव्या पेटीत सरकवू लागले. अण्णांनी त्यांना थांबवले. हरिपूरच्या पेवांत हळद साठवण्याचा काळ अण्णांनी पाहिलेला आहे. ते म्हणाले, “पेव उघडलं की लगेच माणूस आत उतरवत नव्हते. आतली कोंदट हवा जाऊ द्यायची, मग शिडी लावायची. आधी ही पेटी रिकामी चालवून बघा. आपल्या डिस्क त्या कपाटात राहू देत.”

मग तसेच केले. आमच्या तिन्ही डिस्कांवर त्यांच्या मूळ खणांचे क्रमांक, ०, १ आणि २, कागदी पट्टीवर लिहून चिकटवले आणि त्या कपाटात ठेवल्या. रिकाम्या पेटीचे झाकण काढून धूळ झाडली. स्मरणशक्तीच्या पट्ट्या आणि कंट्रोलरचे कार्ड एकेक काढून, त्यांच्या सोनेरी कडा खोडरबराने हलक्या हाताने पुसून पुन्हा घट्ट बसवल्या. कंट्रोलरपासून डिस्कांच्या खणांकडे जाणाऱ्या जाड केबलची दोन्ही टोके काढून पुन्हा लावली. प्रवासात हलून आलेल्या यंत्राचे निम्मे आजार अशा सैल जोडांतच असतात, हे त्या तंत्रज्ञांचेच म्हणणे, आणि ते अनुभवाचे होते.

यंत्र सुरू केले तेव्हा पडद्यावर अनेक वर्षांपूर्वीची तारीख आली. मदरबोर्डवर नाण्याच्या आकाराची ३ व्होल्टची एक बॅटरी असते. घड्याळ आणि काही मूळ मांडण्या तिच्या आधाराने टिकतात. ती संपली की यंत्र कारखान्यातून निघाले तेव्हाच्या मांडणीवर परत जाते. बाजारात सहज मिळणारी ही बॅटरी आम्ही बदलली. ही क्षुल्लक वाटणारी गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

नंतर कंट्रोलरचा संदेश आला, की त्याच्या बॅटरीत बिघाड आहे. ही बॅटरी निराळी. लिहायचा मजकूर कंट्रोलर प्रथम स्वतःच्या तात्पुरत्या स्मृतीत घेतो आणि सवडीने डिस्कवर उतरवतो. त्यामुळे काम वेगाने होते. मध्येच वीज गेली तर त्या तात्पुरत्या स्मृतीतला मजकूर ही बॅटरी जपते. ती निकामी असेल तर कंट्रोलर सहसा सवडीचा मार्ग सोडतो आणि प्रत्येक नोंद थेट डिस्कवर लिहू लागतो. वेग उतरतो, पण धोका वाढत नाही. वेगासाठी बॅटरी नसतानाही सवडीने लिहिण्याची सक्ती करण्याची सोय काही यंत्रांत असते. पेढीच्या हिशेबासाठी तिच्या वाटेला जाऊ नये. आम्ही नवी बॅटरी मागवली आणि ती येईपर्यंत संथ गती पत्करली.

आता विक्रेत्याने पेटीबरोबर दिलेल्या दोन डिस्क घालून पाहिल्या. पडद्यावर संदेश आला, ‘फॉरेन कॉन्फिगरेशन’ सापडले; म्हणजे या डिस्कांवर परक्या कंट्रोलरची मांडणी लिहिलेली आहे. त्या डिस्क दुसऱ्याच कुठल्या सर्व्हरमधून काढून यात घातलेल्या होत्या आणि त्या कोऱ्या केलेल्या नव्हत्या. कुणा अनोळखी माणसाचा हिशेब, कदाचित त्याच्या ग्राहकांची नावे आणि खाती, आमच्या टेबलावर येऊन पडली होती. तंत्रज्ञांना कुतूहल वाटले. अण्णांनी मात्र एवढेच म्हटले, “दुसऱ्याची चिठ्ठी आपण उघडत नाही.” अचौर्य अणुव्रत विकत घेतलेल्या पेटीलाही लागू आहे. डिस्क आमच्या मालकीच्या झाल्या होत्या. त्यांतला मजकूर आमच्या मालकीचा झाला नव्हता. तो न वाचता तंत्रज्ञांनी ‘क्लिअर’ हा पर्याय निवडून परकी मांडणी काढून टाकली. पुढे त्या डिस्क आरंभापासून अखेरपर्यंत शून्यांनी भरून पुसल्या आणि विक्रेत्यालाही तसे कळवले.

यानंतर आमच्या तीन डिस्क क्रमाने खणांत बसवल्या. पडद्यावर अगदी तोच संदेश आला: परकी मांडणी सापडली. तंत्रज्ञांचा हात पुन्हा त्याच पर्यायाकडे वळला. पाच मिनिटांपूर्वी जो उपाय बरोबर ठरला होता, तो हाताला आठवत होता. अण्णांनी विचारले, “या डिस्क परक्या कशा? या तर आपल्याच.” हा प्रश्न संगणकाच्या शिक्षणातून आलेला नव्हता, आणि नेमका तोच विचारायला हवा होता. डिस्क आमच्याच होत्या, पण समोरचा कंट्रोलर नवा होता. त्याच्या नजरेने त्या परक्या. तो दोन्ही वेळा खरेच सांगत होता; कोणत्या डिस्क ठेवायच्या आणि कोणत्या पुसायच्या, हे मात्र त्याला ठाऊक नव्हते. ‘क्लिअर’ केले असते तर मजकूर त्या क्षणी नाहीसा झाला नसता. परंतु तुकड्यांचा क्रम सांगणारे पान फाटले असते. त्यानंतर कुणी नवी मांडणी करून ‘इनिशियलाइझ’ची आज्ञा दिली असती, की १९ दिवस संपले असते.

योग्य पर्याय होता ‘इम्पोर्ट’चा, म्हणजे डिस्कांवरची नोंद वाचून ती नव्या कंट्रोलरने स्वीकारण्याचा. तोही आम्ही लगेच वापरला नाही. अण्णांचा मुलगा पुण्यात याच क्षेत्रात काम करतो. त्याला फोन केला. तो म्हणाला, “काका, आता कोणतीही कळ दाबू नका. यंत्र बंद करा, डिस्क काढून ठेवा. मी उद्या सकाळी येतो. आधी प्रती काढू, मग काय ते करू.”

तो येताना एचबीए नावाचे एक साधे कार्ड घेऊन आला. रेडचा कारभार न करता प्रत्येक डिस्क जशी आहे तशी संगणकापुढे ठेवणे, एवढेच त्याचे काम. ते दुसऱ्या संगणकात बसवून, लिनक्स चालवून, डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने एकेका डिस्कची हुबेहूब प्रत एका मोठ्या बाहेरच्या डिस्कवर काढली. सेकंदाला सुमारे १०० एमबी वेगाने ६०० जीबीच्या एका डिस्कला पावणेदोन तास लागतात. तिन्ही प्रती होईपर्यंत दुपार टळली. हा प्रोग्रॅम आधी सहज वाचता येणारा सगळा भाग उतरवून घेतो आणि अडखळलेल्या जागांकडे शेवटी वळतो, त्यामुळे दुखऱ्या डिस्कवर सुरुवातीलाच ताण पडत नाही. पहिल्या दोन डिस्क निर्विघ्न वाचल्या गेल्या. तिसरीवर काही जागी वाचन थांबले. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवत असते. ती पाहता तिसऱ्या डिस्कवर खराब जागांची संख्या वाढत चाललेली दिसली. हे आधी कळले म्हणून पुढचे पाऊल त्या बेताने टाकता आले. बेरजेच्या वहीच्या आधाराने अशा थोड्या जागा भरून निघतात. मात्र अशा वेळी दुसरी एखादी डिस्क दगावली, तर रेड ५ काहीही करू शकत नाही.

प्रती हाती आल्यावर ‘इम्पोर्ट’ केले. कंट्रोलरने आधी मांडणीचा नमुना दाखवला: तीन डिस्क, रेड ५, १२०० जीबीच्या आसपास. तो आमच्या कागदावरच्या नोंदीशी ताडून पाहिला आणि मगच संमती दिली. मांडणी स्वीकारली गेली. प्रती काढल्यामुळे निकाल वेगळा लागला असे नाही, पण कळ दाबताना कुणाच्याही मनात धाकधूक उरली नव्हती.

एवढे होऊनही यंत्र सुरू होईना. सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नाही, असा संदेश येत राहिला. तंत्रज्ञांनी विंडोज पुन्हा टाकण्याचा सल्ला दिला. डिस्क दिसते आहे, मांडणी निरोगी आहे, तरी यंत्र उठत नाही. याचा अर्थ दोष डिस्कांत नसून यंत्राने कुठे शोधायचे यात आहे, असे पुतण्याचे म्हणणे पडले. यंत्र जागे करण्याच्या दोन पद्धती आहेत: जुनी बायोसची आणि नवी यूईएफआयची. आमचे विंडोज नव्या पद्धतीने बसवलेले होते. या पेटीची मूळ मांडणी जुन्या पद्धतीची होती, आणि घड्याळाची बॅटरी संपल्यामुळे ती त्याच मांडणीवर परतलेली होती. पद्धत बदलली. शिवाय, कोणत्या डिस्कवरच्या कोणत्या फाइलपासून सुरुवात करायची, याची नोंद यूईएफआय पद्धतीत मदरबोर्डच्या स्मृतीत असते. आमची ती नोंद जळालेल्या मदरबोर्डबरोबर गेली होती. नवे दिवाणजी कामावर आले की रोजकीर्द कोणत्या कपाटात आहे हे त्यांना दाखवावे लागते. तशी ती फाइल नव्या यंत्राला दाखवून दिली. विंडोज उघडले. नेटवर्कचे भाग या यंत्राच्या दृष्टीने नवे असल्याने सर्व्हरचा जुना पत्ता पुन्हा भरावा लागला. तेव्हा कुठे काउंटरवरचे संगणक त्याला जोडले गेले.

विंडोज पुन्हा टाकण्याच्या घाईत किती तरी सर्व्हर पुसले गेले असतील, असे मला त्या वेळी वाटले. डिस्क न दिसणे, डिस्क दिसूनही मांडणी न जुळणे, मांडणी जुळूनही यंत्र न उठणे आणि यंत्र उठूनही काम अडणे, हे चार निरनिराळे रोग आहेत. बाहेरून मात्र चारही वेळा ‘सर्व्हर बंद आहे’ एवढेच दिसते. कोणत्या पायरीवर अडले हे ठरवल्याखेरीज उपाय करणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे.

यंत्र सुरू झाल्यावर पहिले काम नव्या नोंदी करण्याचे नव्हते. आधी संपूर्ण प्रत काढली. मग १९ तारखेच्या रोजकीर्दीची शिल्लक तिजोरीतल्या रोकडीशी ताडली. ती पैशापैशाने जुळली, तेव्हा अण्णांनी डोळे मिटून णमोकार म्हटला. त्यानंतर दुखरी तिसरी डिस्क काढून नवी बसवली. कंट्रोलरने उरलेल्या दोघींवरून तिच्यावरचा मजकूर रात्रभर पुन्हा लिहिला. दुसऱ्या दिवसापासून थकलेल्या पट्ट्यांच्या रकमा वर्ग होऊ लागल्या.

आपल्या पेढ्यांसाठी यातून काही सूचना कराव्याशा वाटतात. वापरलेला सर्व्हर घेण्यास हरकत नाही. परंतु कंट्रोलर कोणत्या जातीचा आहे, त्याची बॅटरी जिवंत आहे का, आणि त्यावर रेडचाच प्रोग्रॅम आहे की तो काढून टाकलेला आहे, हे विक्रेत्याला आधी विचारावे. काही विक्रेते कार्ड साधे करून देतात; मग त्यावर जुन्या रेडच्या डिस्क उघडत नाहीत. मोठ्या साठवण यंत्रांतून काढलेल्या काही डिस्कांचे खण ५१२ ऐवजी ५२० बाइटचे असतात. त्या पुन्हा आखल्याशिवाय साध्या सर्व्हरमध्ये चालत नाहीत. डिस्कांचा क्रम, रेडचा प्रकार, यंत्र जागे करण्याची पद्धत आणि नेटवर्कचा पत्ता एका कागदावर लिहून तो कागद तिजोरीत ठेवावा. ज्या दिवशी यंत्र बोलत नाही, त्या दिवशी तो कागद बोलतो.

रेड म्हणजे राखीव प्रत, असा समज सर्वत्र आहे. तो चुकीचा आहे. रेड एका डिस्कच्या मरणापासून वाचवते. आग, पूर, चोरी, विषाणू किंवा चुकून पुसलेले खाते यांपासून वाचवत नाही. २०१९ चा महापूर सांगलीकर विसरलेले नाहीत. प्रती तीन असाव्यात, दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतली एक तरी दुसऱ्या जागी असावी. जीएसटी कायद्याने हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. एवढ्या काळात एखादे तरी यंत्र दगावतेच, असे धरून चालावे. आणि आपले जुने यंत्र विकताना किंवा ई-कचऱ्यात देताना डिस्क आधी पूर्ण पुसाव्यात. आपल्याकडे आलेला अनोळखी माणसाचा हिशेब आपण वाचला नाही, तसाच आपला हिशेब दुसरा कुणी वाचणार नाही, याची खात्री काय? त्यात आपल्या गिऱ्हाइकांची आणि शेतकऱ्यांची नावे असतात.

एक शेवटची सूचना. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला आपण श्रुतपंचमी पाळतो. श्वेतांबर बांधव कार्तिक शुद्ध पंचमीला ज्ञानपंचमी पाळतात. त्या दिवशी ग्रंथांची पूजा होते. जुन्या भांडारांतली पाने उघडून, झाडून, वाळवी लागली नाही ना हे पाहून पुन्हा वेष्टनात बांधली जातात. आपल्या पूर्वजांनी ग्रंथ नुसते ठेवले नाहीत, ते वेळोवेळी उघडून पाहिले. म्हणून ते आपल्यापर्यंत पोहोचले. हिशेबाची वही आणि आगम यांची बरोबरी होऊ शकत नाही, हे उघड आहे. तरी त्याच दिवशी पेढीच्या राखीव प्रतीतून एखादे जुने खाते दुसऱ्या संगणकावर उघडून पाहण्याची प्रथा प्रत्येक घराने पाडावी. उघडून न पाहिलेली प्रत ही प्रत आहे की नाही, हे सांगता येत नाही. या वर्षी आमच्या घरी ते काम अण्णांच्या नातीने केले. तिने गेल्या मार्चमधली एक पट्टी उघडली, शेतकऱ्याचे नाव मोठ्याने वाचले, रक्कम वाचली आणि ‘दिली’ असा शेरा वाचून पुढची पट्टी उघडली.